बदलाचे कारण

पाठचिकित्सा शिकवताना मी अलीकडे लिनक्सच्या कर्नलचे उदाहरण देतो. परभणीतल्या मराठीच्या वर्गाला ते प्रथम परके वाटते. कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. लायनस टॉरवल्ड्सने १९९१ मध्ये आरंभलेल्या ह्या गाभ्याचा कोड सर्वांना खुला आहे. कुणीही दुरुस्ती सुचवावी. मात्र सुचवणाऱ्याने आधी सांगायचे, की मूळ अडचण कोणती, तिचा त्रास कुणाला होतो आणि आपला उपाय तिला कसा लागू पडतो. दुरुस्ती एका ओळीची असली तरी ह्यातून सुटका नाही. पुष्कळदा बदल एका चिन्हाचा आणि त्याचे समर्थन तीन परिच्छेदांचे असते.

संगणकक्षेत्रात गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, चूक उघड दिसते, मग एवढे लिहायचे कशाला?"

मी त्याला ज्ञानेश्वरीची आठवण दिली. १२९० मध्ये सिद्ध झालेला हा ग्रंथ तीन शतके हस्तलिखितांतून फिरला. कुणी शब्द सोपा केला, कुणी ओवी घातली. बहुतेकांचा हेतू चांगलाच असणार. पण कारण कुणी नोंदवले नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कुणी आपली ओवी त्यात घालू नये, असे बजावले. ग्रंथाला असा राखणदार मिळणे हे आपले भाग्य. तरीही कोणता पाठ त्यांनी कशासाठी टाकला, हे ओवीगणिक आपल्यापर्यंत आलेले नाही. म्हणूनच राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, तेव्हा पाठांचा वाद नव्याने उभा राहिला.

कर्नलमध्ये २००५ पासून 'गिट' ह्या व्यवस्थेत प्रत्येक बदलाशेजारी कर्त्याचे नाव, तारीख आणि कारण टिकून आहे. दहा वर्षांनी त्या ओळीला हात लावणारा आधी ते कारण वाचू शकतो. बदल करणारा निघून जातो; सांभाळणारा मागे राहतो. म्हणून समर्थनाचा भार बदल करणाऱ्यावर.

विद्यार्थ्याची खरी अडचण निराळी होती. कोड त्याला येत होता; 'हे असेच का' हे नेमक्या चार वाक्यांत, तेही इंग्रजीत, मांडणे त्याला जड जात होते. आपल्या परीक्षांत उत्तराला गुण असतात, कारणाला क्वचितच. साहित्याच्या वर्गात मात्र हा पाठ का स्वीकारला, तो का नाकारला, एवढेच तर आपण विचारत असतो. ती सवय त्याला तिथे उपयोगी पडावी, ह्यात मला नवल वाटत नाही.