बंद हुकूम

सुरतेच्या कतारगामातील हिऱ्यांच्या एका पेढीवर छत्तीस वर्षे जमाखर्च लिहिण्यात घालविल्यामुळे कोणतीही किमती वस्तू उघडी हातात धरणे मला आजही असभ्यपणाचे वाटते. आणि म्हणूनच माझा बारा वर्षांचा नातू आपले पत्ते एकेक करून पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात सरकवीत बसलेला मी प्रथम पाहिला, तेव्हा हे पोर आपल्या वळणावर गेले असा काहीसा अनाठायी अभिमान मला झाला. आमच्या पेढीवर हिरा नेहमी पडीकात राही. बाहेर जाड पांढरा कागद, आत निळसर झाक असलेले पातळ अस्तर, ठरावीक घड्या, आणि वरच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेले कॅरटचे वजन. जांगडावर, म्हणजे पसंतीच्या बोलीवर, माल बाहेर गेला की जाई तो पडीकासह, आणि परत आलेल्या पडीकाची घडी जरा जरी निराळी पडलेली दिसली, तरी शेटजींच्या कपाळावर आठी उमटे. नातवाने एका पत्त्याच्या कोपऱ्यावर नख फिरवून तो दुमडलेला नाही याची खातरी करून घेतली, तेव्हा ती आठी मला त्याच्याही कपाळावर दिसली.

हे २०२० साल. जून महिन्यात कतारगामातील हिऱ्यांच्या कारखान्यांतून करोनाचे रुग्ण एकामागून एक निघू लागले होते, हिरे घासण्याच्या घंट्या बंद पडल्या होत्या, आणि सोसायटीच्या ओट्यावर जमणारी पोरांची टोळी पांगून आपापल्या घरांत कोंडली गेली होती. प्रतिपक्षी म्हणून नातवाला उरलो तो मी. ‘यु-गि-ओह’ नावाचा हा जपानी खेळ त्याने मला आठ दिवसांत शिकविला, आणि त्या आठ दिवसांत ‘आजोबा, तुम्ही वाचत का नाही, बधुं पत्त्यावरच लिहिलंय,’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले याची मोजदाद माझ्यासारख्या कारकुनालाही ठेवता आली नाही.

माझे पत्त्यांचे शिक्षण मात्र निराळ्या शाळेत झालेले. अमळनेरास वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. वैशाखाच्या दुपारी कचेरीला सुटी असली, की ओट्यावर सतरंजी पडे आणि मेंढीकोटाचा फड जमे. चार भिडू, तेरा-तेरा पाने, आणि सारी झुंज चार दश्श्यांसाठी, म्हणजे मेंढ्यांसाठी. वडिलांना आवडे तो बंद हुकमाचा खेळ. हुकूम ठरविणारा आपल्या हातातील एक पान निवडून सतरंजीवर पालथे ठेवी. कोणता रंग राज्य करणार हे त्या एकट्यालाच ठाऊक, आणि उतारीच्या रंगाचे पान ज्याच्याजवळ नसेल त्याने ‘उघडा’ म्हणेपर्यंत ते राज्य अज्ञातवासात राही. झाकलेले पान त्या काळात खेळता येत नसे, म्हणून वडील लहानसेच पान झाकीत. दुर्री किंवा तिर्री. मोठे पान झाकणाऱ्याला ते भित्रा समजत.

मी बारा वर्षांचा असताना एकदा त्यांचा भिडू म्हणून बसलो. इस्पिक हुकूम उघडला होता आणि माझ्या हातात इस्पिकचा एक्का होता. तीन मेंढ्या समोरच्या पक्षाकडे गेलेल्या, चौथी बदामाची मेंढी सतरंजीवर पडली, आणि माझ्याजवळ बदाम नव्हता. एक्का मारला असता तर कोट टळला असता. परंतु इतके थोर पान एवढ्यात खर्ची घालावे काय, पुढे याहून बिकट प्रसंग आला तर काय, या विवंचनेत मी किलवरची पंजी टाकली, आणि चारही मेंढ्या गेल्याने कोट आमच्यावर बसला. वडील रागावले नाहीत. पाने गोळा करून पिशीत ते एवढेच म्हणाले, ‘एक्का घरी नेऊन त्याचं लोणचं घालायचं होतं का?’

किलवर हा शब्द मात्र सुरतेत आल्यावर माझ्या कानात निराळा वाजू लागला. गुजराती लोक त्या रंगाला फुल्ली म्हणतात. डच लोक मात्र क्लाव्हर म्हणतात, आणि डचांची जुनी दफनभूमी आमच्या कतारगाम दरवाजापाशीच आहे. ‘होर्टुस मलबारिकस’ हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ ज्याने सिद्ध करविला, तो हेंड्रिक व्हान रेडे १६९१ मध्ये प्रवासात वारला आणि येथे पुरला गेला. त्याच्या भव्य घुमटाच्या सावलीत मी नोकरीच्या पहिल्या वर्षी डबा खाल्लेला आहे. विषय पत्त्यांचा चालला आहे हे खरे; पण पेढीवर बदाम-किलवर म्हणणारा मी एकटाच, आणि तीनशे वर्षे तेथे निजलेला तो परका मनुष्यच माझी भाषा ओळखील, असे तेव्हा वाटत असे.

पुन्हा नातवाच्या खेळाकडे येतो. मेंढीकोटात नशीब वाटते तेच खेळावे लागते. येथे आपली पाने आपणच निवडायची. गड्डी कमीत कमी चाळीस पत्त्यांची, जास्तीत जास्त साठांची, आणि एकाच पत्त्याच्या तीनहून अधिक प्रती ठेवायच्या नाहीत, हा कायदा. आरंभी हातात पाच पत्ते आणि नावावर आठ हजार गुण. ते शून्यावर आले की खेळ खलास. राक्षस हल्ला करतात, मंत्र साहाय्य करतात, आणि सापळे, जे मला फार भावले, ते मेजावर पालथे ठेवायचे. ज्या पाळीत सापळा ठेवला त्याच पाळीत तो उघडता येत नाही. ‘मिरर फोर्स’ नावाचा सापळा तर असा, की शत्रूने हल्ला पुकारताच तो उघडावा आणि शत्रूच्या चढाईच्या पवित्र्यातील यच्चयावत राक्षसांचा संहार व्हावा. ‘वाबोकु’ त्याहून सौम्य. त्या पाळीपुरती लढाईची झळ लागू देत नाही. ‘कुरिबो’ हा केसाळ गोळा हातातूनच टाकून द्यायचा आणि एका घावाची इजा निवारायची. हे सारे पाहून माझी कारकुनी वृत्ती उल्हसित झाली, आणि मी पहिली गड्डी रचली तीत चाळिसांपैकी बावीस पत्ते संरक्षणाचे भरले.

पहिल्याच डावाला पाच पत्ते उचलले, आणि पाचही पहारेकरी. वाड्यात कोणीच नाही.

नातू हसून लोळला. मग मी वही काढली, कारण आकडे मला माणसांपेक्षा लवकर खरे सांगतात. चाळीस पत्त्यांत एखाद्या पत्त्याची एकच प्रत असेल, तर आरंभीच्या पाचांत ती येण्याचा संभव आठांत एक. तीन प्रती असतील तर सुमारे तीनांत एक. तीच गड्डी साठांची केली, तर तीन प्रती असूनही तो संभव चतुर्थांशाच्या खाली उतरतो. म्हणजे ‘हेही असू द्या, तेही असू द्या’ म्हणून भरलेला प्रत्येक पत्ता, ज्या पत्त्याची खरी गरज आहे त्याची वाट अडवीत बसतो. आणि आत घेतलेला प्रत्येक रक्षक एका लढवय्याची जागा खाऊन आत येतो. पेढीच्या खातेवहीत हा हिशेब मी रोज करीत असे; आयुष्याच्या बाबतीत तो करण्याची बुद्धी मला झाली नाही, हे कबूल केले पाहिजे.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची आवई उठली आणि वेड रोड, म्हणजे आमच्या अगदी उशाशी, माणसे दगावू लागली. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडीत होते; टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी औषधांच्या दुकानांपुढे झुंबड होती. मी एक पट्टी मोठ्या खटपटीने मिळविली. शेजारी प्रतिबंध म्हणून घेत होते. मी मात्र ती खरी वेळ येईल तेव्हासाठी राखून ठेविली, बायकामुलांना तापी व्हॅलीच्या गाडीत घालून अमळनेरास नेले, आणि पट्टी ट्रंकेत जपून परत आणली. २००६ च्या ऑगस्टात उकाईचे पाणी तापीत सुटले आणि घरात शिरले, तेव्हा चिखलातून काढलेल्या त्या ट्रंकेत विम्याचे कागद, पत्नीच्या पाटल्यांची पावती आणि ती पट्टी अशी सारी दौलत एकत्र सापडली. गोळ्यांची मुदत कधीच टळली होती. पाटल्या मात्र पत्नीने कधी घातल्याचे मला आठवत नाही; चोरीच्या भयाने त्या मीच बँकेच्या कपाटात ठेवविल्या होत्या.

नातवाच्या या खेळाचा जनक काझुकी ताकाहाशी. त्याची चित्रकथा १९९६ मध्ये सुरू झाली आणि तीतूनच हे पत्ते निघाले. जुलै २०२२ मध्ये ओकिनावाच्या समुद्रात त्याचा अंत झाला. बुडणाऱ्या माणसांना वाचविण्यासाठी तो पाण्यात उतरला होता, हे पुढे काही महिन्यांनी प्रसिद्ध झाले. नातवाने ती बातमी मला वाचून दाखविली आणि नंतर बराच वेळ गड्डी नुसतीच पिशीत बसला.

आता तो सतरा वर्षांचा आहे. गड्डी माझी अजून चाळिसांचीच आहे, पण रक्षक बाविसांवरून नवांवर आले आहेत. परवा रात्री पुष्कळ दिवसांनी आम्ही खेळावयास बसलो. मी ‘मिरर फोर्स’ पालथा ठेवला होता. त्याने एकच क्षुद्र राक्षस पुढे केला, आणि एवढ्याशा प्राण्यासाठी असा सापळा कशाला उघडावा म्हणून मी तो घाव सोसला. पुढच्या पाळीस त्याने ‘हार्पीज फेदर डस्टर’ नावाचा मंत्र टाकला. त्याने माझ्या बाजूचे सारे मंत्र आणि सापळे एका फटक्यात झाडून नेले. पालथा पत्ता उचलून त्याने पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि वाबोकु शेजारीच होता तोही पाहिला. मी आठ हजारांवरून शून्यावर आलो तेव्हा साडेदहा वाजले होते.