चेक सहीला गेलाय

चेक हल्ली फारसं कोणी देत नाही. ‘सहीला गेलाय’ची जागा आता ‘अकाउंट्सला फॉरवर्ड केलंय’ने घेतली आहे. कोणाला आणि कधी, एवढंच विचारावं. तिथून पुढे खरी माहिती निघते.

*

काम देणारा वेगळा, पैसे सोडणारा वेगळा. मुखपृष्ठ पाहून संपादक ‘वा!’ म्हणतो, पण त्याने खात्यात काही पडत नाही. पहिल्याच कामाला अकाउंट्समधल्या माणसाचा नंबर आणि पेमेंटची तारीख विचारून ठेवावी. अनेक ठिकाणी पेमेंटं महिन्यातून एकदाच सुटतात. यादी पाचला लागली आणि बिल सहाला पोचलं, की गेला महिना. यात लबाडी कोणाचीच नसते. पॅनवर पूर्ण नाव आणि बिलावर टोपणनाव, एवढ्यावरही बिल अडतं. अडलंय हे मात्र कोणी कळवत नाही.

*

टीडीएस कापला तर कुरकुरू नये. 26एएसमध्ये दिसतोय का ते बघावं. कापून न भरणारे महाभागही असतात.

*

आठवण एवढीच लिहावी: ‘नमस्कार. बिल क्र. 14, रु. 18,000, मुदत 10 तारीख. या वेळच्या यादीत आहे का?’ बस. ‘सवडीने बघा’ लिहू नये, ते खरोखरच सवडीने बघतात.

*

2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आपल्यासारख्या चित्रकारांनाही लागू होतो. उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट. गिऱ्हाइकाने काम स्वीकारल्यापासून पैसे द्यायला लेखी करार असेल तर फार तर 45 दिवस, नसेल तर 15. उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. एवढं व्याज मागितलं की संबंध संपले, म्हणून सहसा कोणी मागत नाही. त्यापेक्षा 2023 च्या अर्थसंकल्पातली तरतूद कामाची: मुदतीत न चुकवलेलं बिल गिऱ्हाइकाला, पैसे प्रत्यक्ष देतील त्याच वर्षी खर्चात धरता येतं. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापावा. मार्चमध्ये त्यांचा सीएच आपल्या वतीने तगादा लावतो.

*

‘गणपती होऊ देत’, मग पितृपक्ष, मग ‘दिवाळीनंतर बघू’. दिवाळी अंकाची चित्रं पावसाळ्यातच हवी असतात. मानधन मात्र जाहिरातदारांचे पैसे आल्यावर. त्या रांगेत चित्रकार शेवटचा. म्हणून निम्मे आगाऊ, आणि छपाईची फाइल उरलेले जमा झाल्यावर. तोवर वॉटरमार्क मारलेलं लहान चित्र. एका प्रकाशकांना हे उद्धटपणाचं वाटलं. पैसे संध्याकाळी आले, पुढचं काम अजून आलेलं नाही.