ओसरलेला लकवा



उजवा हात एकाएकी लुळा पडला, जीभ जड झाली आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले, तर आपण देवाचे आभार मानून पुन्हा कामास लागतो. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील एका वयोवृद्ध शेतकऱ्याच्या कन्येने मात्र तसे होऊ दिले नाही. तिच्या आग्रहास्तव आम्ही त्यांना हैदराबादेस नेले. सोनोग्राफीत मानेतील डावी धमनी मेदाच्या थराने बहुतांशी बुजलेली आढळली.

हा थर काढण्याची शस्त्रक्रिया १९५० नंतरच्या दशकापासून होत आली आहे. तिच्यातील कठीण क्षण कोणता, हे शल्यविशारदांनी मला समजावून सांगितले. धमनी उघडण्यापूर्वी तिचा प्रवाह चिमट्याने रोखावा लागतो. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्याला लागते. पाट दुरुस्त करण्यासाठी पाणी अडवावे आणि तेवढ्यात पीक करपावे, तशी ही भीती! मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक वलय असते. एक वाट बंद झाली तर रक्त दुसरीकडून पोहोचते. परंतु कित्येकांत हे वलय अपुरे असते.

मग ते कळावे कसे? कानशिलापाशी कवटीचे हाड पातळ असते. तेथे बसविलेले यंत्र कानांना ऐकू न येणारा ध्वनी आत सोडते. वाहत्या रक्तकणांवर आदळून परतताना त्या ध्वनीची पट्टी बदलते. जवळ येणाऱ्या व दूर जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी वेगळी भासते, तसेच हे. हे तत्त्व ख्रिस्तियन डॉपलर यांनी १८४२ साली मांडले. कवटीतून रक्ताचा वेग मोजण्याची रीत रुने आस्लीद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविली. चिमटा लावताच वेग फार घसरला, तर बारीक नळी घालून रक्ताला तात्पुरती वाट देतात. धमनी शिवल्यावर दुसरे यंत्र तिच्याभोवती धरून मिनिटाला किती मिलिलिटर रक्त वाहते, हेही मोजता येते.

आमच्या आजोबांच्या वेळी वेग फारसा उतरला नाही. नळीची गरज पडली नाही.

तथापि हे सारे कौशल्य रुग्ण वेळेवर पोहोचला तरच उपयोगाचे. लकवा ओसरला म्हणजे टळला, असे कोणी समजू नये. मोठ्या झटक्याचा धोका पुढील काही दिवसांतच सर्वाधिक असतो. म्हणून कापूस वेचणीचे दिवस असोत वा घरी लग्नकार्य असो, हात सावरला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.