डोंगर बाहेर आलाय!

सिअ‍ॅटलला आभाळ निवळलं की लोक म्हणतात, "आज डोंगर बाहेर आलाय!" कुठला ते सांगावं लागत नाही. माउंट रेनियर. उंची ४,३९२ मीटर, अंगावर वीसहून जास्त हिमनद्या आणि पोटात जिवंत ज्वालामुखी. इथल्या मूळच्या लोकांचं नाव ताहोमा. १७९२ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरने त्याला आरमारातल्या आपल्या मित्राचं, पीटर रेनियरचं नाव देऊन टाकलं. त्या बिचाऱ्याने डोंगर कधी पाहिलाही नाही!

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही तो जवळून पाहिला. घाटात गाडी चालवायची की डोंगर बघायचा, हा प्रश्नच नको म्हणून गाईडसकट व्हॅनची टूर घेतली. अडीच-तीन तासांत पॅराडाईज, साधारण १,६०० मीटरवर. नाव अगदी सार्थ. रानफुलांची कुरणं आणि वर निस्क्वाली हिमनदी. गंमत म्हणजे जवळून ती पांढरीशुभ्र नाही, दगडमातीने चांगली मळकट दिसते. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इथे एकूण २८ मीटर बर्फ पडलं होतं, म्हणजे नऊ मजली बिल्डिंग! तरी हिमनद्या आटतायत. स्टीव्हन्स नावाची हिमनदी तर २०२३ मध्ये यादीतूनच वगळली गेली.

दुपारी रिफ्लेक्शन लेक्स. वारा पडला होता, त्यामुळे अख्खा डोंगर पाण्यात उलटा. सगळ्यांचे कॅमेरे बाहेर आले आणि नेमकी तेव्हाच गाईडने लाहारची गोष्ट काढली.

लाहार म्हणजे पाणी, माती आणि दगडांचा ओल्या काँक्रीटसारखा लोंढा. नदीच्या खोऱ्यातून धावत सुटतो. सुमारे ५,६०० वर्षांपूर्वीचा एक लोंढा थेट प्युजेट साऊंडच्या खाडीपर्यंत पोचला होता. दुसरा सुमारे ५०० वर्षांपूर्वी जिथून गेला, तिथे आज ऑर्टिंग नावाचं गाव आहे. खरी मेख पुढेच आहे. त्या दुसऱ्या वेळी उद्रेक झाल्याचा पुरावा सापडत नाही. आतल्या गरम आम्लधर्मी पाण्याने खडक कुजून त्याची चिकणमाती होते. मग नुसता कडा ढासळला तरी पुरे.

म्हणून खोऱ्यात सेन्सर्स आणि भोंगे बसवलेत. भोंगा वाजला की ऑर्टिंगकरांच्या हातात तासाभराच्या आसपास वेळ. मार्च २०२४ मध्ये तिथल्या शाळांमधल्या हजारो मुलांनी उंच जागेकडे चालत जायचा सराव केला.

मला माळीण आठवलं. ३० जुलै २०१४ ची सकाळ. आपला सह्याद्री केव्हाच थंड झालेला, तिथे पावसानेच डोंगर खाली आणला. ना भोंगा, ना सराव.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर पडला तर मिनिटभरात कुणाचा तरी फोन वाजेल अशी व्यवस्था करतो. वर ती चालते का, हे मुद्दाम तपासूनही बघतो. डोंगराखाली झोपणाऱ्या माणसाला निदान तेवढं तरी मिळायला हवं ना?