शेपूट कुणीकडे?

फळ्यावर ‘टॅमरिन’ लिहिलं की मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारतं, “सर, म्हणजे चिंच?” चिंचेचं इंग्रजी नाव ‘टॅमरिंड’ हे अरबी ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर, यावरून आलं. टॅमरिन हे दक्षिण अमेरिकेतलं खारीएवढं माकड, अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजनाचं. दोघांचा संबंध काही नाही. माझ्या डोक्यात मात्र तो कायमचा जुळलाय, कारण माकडांचा माझा निम्मा अभ्यास पवनारला, धाम नदीच्या काठच्या चिंचेखाली बसून झाला.

तिथला पहिला धडा एका शेतकऱ्याने दिला. वही काढून मी ‘माकडांची टोळी’ असं काहीतरी विचारलं, तर तो म्हणाला, “अवो सर, माकडं नाई ते, वान्नेरं हायेत.” मला तेव्हा हसू आलं. पुढे लक्षात आलं, की प्राणिशास्त्राने एका कुळाच्या दोन उपकुळांत जी रेघ ओढली, तीच हा माणूस बोलण्यात ओढत होता. लाल तोंडाच्या माकडाला गालात पिशव्या असतात. मिळेल ते कोंबायचं, पळायचं आणि आडोशाला जाऊन खायचं. काळ्या तोंडाच्या वानराला या पिशव्या नाहीत, त्याची सगळी करामत पोटात आहे. त्याचं जठर कप्प्याकप्प्यांचं असतं आणि त्यात जिवाणू पाला आंबवतात, थोडंफार गाईच्या पोटात होतं तसं. म्हणून ते तासन्‌तास फांदीवर बसून असतं. लोक त्याला आळशी म्हणतात. ते पचवत असतं. पुलावर गाडी थांबवून त्याला बिस्किटं आणि केळी देणाऱ्यांना मी हेच सांगत आलोय: गोड जास्त गेलं की आंबवणीचा तोल बिघडतो. ऐकतं कोण? पुण्य मिळवायचं असतं ना.

शास्त्रीय नावांची गंमत वेगळीच. ‘सेम्नोपिथेकस’ या प्रजातिनामात ‘पूज्य माकड’ असा ग्रीक अर्थ आहे, तो आपल्याला पटण्यासारखा. पण 1797 मध्ये दुफ्रेन या फ्रेंच माणसाने त्याला ‘एंटेलस’ म्हटलं, ते व्हर्जिलच्या महाकाव्यातल्या एका म्हाताऱ्या मुष्टियोद्ध्याच्या नावावरून. मग ही खोडच लागली. प्रियम, हेक्टर, एजॅक्स अशी ट्रॉयच्या युद्धातली नावं आपल्या वानरांना चिकटली. रामायणातलं घरचं युद्ध असताना परक्या युद्धातली नावं! त्यातून पवनारला तर ते युद्ध अगदीच घरचं. वा. वि. मिराशींनी वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मांडलं. काही अभ्यासक मनसरकडे बोट दाखवतात, तो वाद मी इतिहासवाल्यांवर सोडतो. पण वानरांच्या सेतूवर महाराष्ट्री प्राकृतात लिहिलेलं ‘सेतुबंध’ वाकाटक राजा प्रवरसेनाच्या नावावर आहे. विनोबा 1938 मध्ये इथे राहायला आले, तेव्हा खोदताना राम-भरताच्या भेटीचं शिल्प सापडलं. ते आश्रमात आजही आहे.

आता शेपटीकडे येऊ. पवनारचं वानर चालताना शेपटीची कमान पाठीवरून पुढे घेतं, टोक डोक्याकडे. तुम्ही दक्षिणेत गेलात की तीच शेपूट मागे वळून खाली झुकते. एम. एल. रूनवाल यांनी या ढबी बारकाईने नोंदवल्या. उत्तरेचं आणि दक्षिणेचं अशी विभागणी साधारण तापी-गोदावरीच्या रेषेवर होते, आणि पुढे बंगळुरूच्या प्रवीण कारंथ यांच्या गटाने केलेल्या जनुकीय तपासणीतही ती टिकली. लाल तोंडाचं माकड आणि दक्षिणेतलं टोपी माकड यांची सीमाही जवळपास तिथेच. पण लाल तोंडवाले ती ओलांडून दक्षिणेकडे सरकताहेत. धामचं पाणी वर्धा, प्राणहिता असं करत शेवटी त्याच गोदावरीला मिळतं. दुर्बीण नसली तरी चालेल, प्रवासात खिडकीतून शेपट्या बघत जा. मी तर बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसालाही दाखवतो.

बाकी विषय पिल्लांचा, आणि तिथे टॅमरिन आठवतंच. त्याला बहुधा जुळी होतात. अंगाच्या मानाने पिल्लं एवढी जड, की एकट्या आईला झेपत नाहीत. बाप आणि थोरली भावंडं पाठीवर वाहतात, आई पाजण्यापुरती घेते. वानराला सुमारे साडेसहा महिन्यांनी एकच पिल्लू होतं. ते काळंभोर, तोंड तेवढं गुलाबी. जन्मल्यावर काही तासांतच ते या मावशीकडून त्या मावशीकडे फिरू लागतं. बाप वाहण्याच्या भानगडीत पडत नाही. उलट बाहेरचा नर टोळी जिंकतो, तेव्हा अंगावरची पिल्लं त्याच्या हातून मारली जाऊ शकतात. जपानी संशोधक सुगियामा यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडजवळ हे प्रथम नोंदवलं. सारा हर्डींनी माउंट अबूवरच्या अभ्यासातून कारण मांडलं: पिल्लू गेलं की आईचं दूध आटतं, ती लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. या मांडणीवर वर्षानुवर्षं भांडणं झाली. मला ती पटते, तरी भाषणात सांगताना अजून आवाज खाली येतो. समोर बसलेल्यांच्या मनात मारुती असतो.

रानडुकरांसाठी इथे रात्रीची जागल असते. वानर दिवसा येतं, त्यामुळे तुरीची राखण करणाऱ्याला दिवसाही सुटका नाही. तो माझा गुरू शेतकरी गोफण घेऊन बांधावर बसतो, आणि मी चिंचेखाली त्याच टोळीची हजेरी मांडत असतो. त्याला माझं काम पटलेलं नाही.

गेल्या फाल्गुनात त्या चिंचेवर एक आई कोवळा पाला ओरबाडत निवांत बसली होती. तिचं काळं पिल्लू तीन फांद्या पलीकडे एका अर्धवट वाढलेल्या पोरीने उलटं धरलं होतं. ते किंचाळत होतं. आईने एकदा मान वळवून बघितलं आणि पुढची डहाळी ओढली.