सुधाकराचा दुसरा अपमान

राम गणेश गडकरी 1919 साली वारले. त्यांचा सुधाकर अजून आपल्याला अस्वस्थ करतो. 'एकच प्याला' हे दारूचे नाटक खरे. परंतु त्या मानी वकिलाच्या मनाला पहिली जखम झाली ती सनद गेल्याच्या अपमानाची. तळीरामाने तीवर पेला पुढे केला, इतकेच. पुढे दारू सोडून तो नोकरी मागावयास गेला, तेथेही अवहेलनाच पदरी पडली आणि निश्चय ढासळला.

1982 च्या गिरणीसंपानंतर घोडपदेवच्या आमच्या चाळीतील एक मानी गृहस्थ असेच पिऊ लागले. मी त्यांस कळकळीने दारूचे दुष्परिणाम सांगत असे; ते मान खाली घालून ऐकत. तो दुसरा अपमान मीच करीत होतो, हे नाटक पुन्हा वाचताना उमगले. तोवर ते राहिले नव्हते.