पुदिन्याच्या चहाची परीक्षा

रक्तातील साखर वाढल्याचा कागद हाती आला, तेव्हा आम्हाला पहिली आठवण झाली ती चहाची. कचेरीत दोन कप, घरी दोन कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे रोज 35-40 ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जात होती. बी.कॉम. होऊनही हा हिशेब आम्ही कधी मांडला नव्हता!

पुण्याहून आलेल्या भाच्याने पुदिन्याच्या ग्रीन टीचे दोन डबे आणले. एकात कागदी पुड्या, दुसऱ्यात सुटी पाने. तिसरा प्रकार आमच्या आयुष्मतींनी सुचविला. वाशिमच्या बाजारातून साधा ग्रीन टी आणायचा आणि कुंडीतला ओला पुदिना त्यात टाकायचा. रविवारी दुपारी शेजारच्या तीन भगिनींना बोलावले. आम्ही वहीत रकाने पाडले : रंग, वास, चव, एका कपाचा खर्च.

पहिली फेरी फसली. नेहमीप्रमाणे खळखळ उकळत्या पाण्यात पाने शिजविली, तर तिन्ही कप कडू जहर! ग्रीन टीचे झाड काही वेगळे नसते. पान आपल्या काळ्या चहाचेच, पण खुडल्यावर लवकरच ते वाफेवर किंवा कढईत तापवतात, म्हणून काळे पडत नाही. या पानाला उकळते पाणी सोसत नाही, सगळा तुरटपणा उतरतो. दुसऱ्या फेरीत पाणी खाली उतरवून थोडे निवू दिले, 80 अंशांच्या आसपास. पाने घालून झाकण ठेवले आणि दोन-अडीच मिनिटांत गाळले.

चहा पारखणारे लोक चमच्याने मोठा फुरका मारतात. त्याने वास नाकापर्यंत चढतो. आमचे वडील बशीतून असाच फुरका मारीत आणि आम्ही शिकलेली पोरे त्यांना हसत होतो.

कागदी पुडीतला पुदिना दंतमंजनासारखा झोंबला. चहा कुठे आहे तो सापडेना. डब्यावरची बारीक अक्षरे वाचली तेव्हा कळले, पुदिन्याचे पान नाहीच, वरून घातलेला वास आहे. सुटी पाने बरी होती. आधी गवतासारखी चव, मागून जिभेला गारवा. पण पहिला नंबर कुंडीतल्या पुदिन्याचा. कपाला चार पाने पुरतात, आठ घातली की चटणीची आठवण येते. खर्चही सर्वांत कमी. आफ्रिकेतल्या मोरोक्को देशात घरोघरी हाच चहा पितात, चिनी ग्रीन टी आणि ओला पुदिना. मात्र ते त्यात साखर इतकी ओततात की आमच्यासारख्याने तिकडे न गेलेले बरे! आणि डब्यावर काहीही छापलेले असो, पुदिना गोळीची जागा घेत नाही. आमचा फायदा एवढाच, की या चहात साखर नसली तरी चालते.

एवढ्यात आई आली. एक घोट घेऊन तिने कप खाली ठेवला.

"दूध सरलं काय रे घरातलं?"

आम्ही समजावून सांगू लागलो, पण तिने ऐकून घेतले नाही. "दुष्काळात खडी फोडाले जावो, तवा असाच कोरा चाय पेवो. गुळाचा. दूध पाहाले भेटे नाही. आता दोघं कमावता अन् घरी आलेल्या बायांले बिनदुधाचा चाय पाजता?"

शेजारच्या भगिनी गप्प झाल्या. आम्ही म्हणालो, "माय, वर्षावासात भंतेजींना दुपारनंतर तू कोराच चहा देतेस ना?"

"तो त्यायचा नेम हाय. आपल्याले नेम नव्हता, गरिबी होती."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दुधाचा चहा आमच्या घरात आला तो वडिलांना कायमची नोकरी लागल्यावर. पहिल्या पगारानंतर आईने गल्लीतल्या सगळ्यांना दाट दुधाचा चहा पाजला होता, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आणि आम्ही तिच्यासमोर रकाने पाडून बसलो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आमच्याआधी उठली. कुंडीतला पुदिना तोडून, आले ठेचून तिने आपल्या दुधाच्या चहात टाकला आणि अर्धा कप आमच्यापुढे ठेवला.

"आता लाव नंबर," म्हणाली.

साखर तिने घातलीच होती. आम्ही एक घोट घेतला आणि कप आयुष्मतींकडे सरकविला.